मी आधी विमान उतरवलं

पाम गावाच्या पुढे जिथे डांबर संपतं तिथे रिक्षावाल्याने रिक्षा थांबवली आणि म्हणाला, "भाभी, इसके आगे गाड़ी फँसेगी." मी म्हटलं, इथेच थांबा, आम्हाला पुढे जायचंच नाही. सुधीर मागच्या सीटवर दोन उशांच्या मधे बसला होता. खाडी ओहोटीला लागली होती. समोर चिखलाचं मैदान उघडं पडत होतं, करडं, ओलं, मधेमधे चकाकणारं. वाऱ्यावर तोच जुना वास होता: सुकत्या बोंबलांचा, शेवाळाचा आणि त्याच्या तळाशी एमआयडीसीचा तो नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. बोईसरमध्ये निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाला हा वास आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मे महिन्यात सुधीरला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकू सगळं येतं, पण आत किती पोचतं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. तिने सांगितलं की काकू, यांना ओळखीच्या जागी न्या, जुन्या गोष्टी बोला, त्याचा उपयोग होतो. जुन्या गोष्टींना आमच्याकडे तोटा नाही. त्यातली एक मात्र मी अठरा वर्षं गिळून बसले आहे.

याच चिखलात एका रविवारी सुधीर मांडीपर्यंत रुतला होता. भरतीची वेळ होत आली होती आणि आमचं छोटं विमान माझ्या हातातल्या रिमोटवर हवेत होतं. मी आधी विमान उतरवलं. मग मदत आणायला धावले. सुधीरला मी सांगितलं की रिमोट टाकला आणि धावत सुटले, विमान आपलं आपण उतरलं. त्याने ते खरं मानलं, झाल्या प्रकाराचा दोष स्वतःकडे घेतला आणि विमान उडवणं सोडून दिलं. मी सोडू दिलं. आज त्याला खरं सांगायचं असं ठरवून मी ही रिक्षा केली होती, आणि उतरल्यावर मात्र त्याच्याकडे पाठ करून खाडीकडे बघत उभी राहिले.

लग्न होऊन बोईसरशेजारच्या बेटेगावातल्या दोन खोल्यांत आले तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं की घरात माझ्याआधी कुणीतरी नांदायला आलेलं आहे. पलंगाच्या बरोबर वर, छताच्या हुकाला, पाच फूट पंखांचं पांढरं-तांबडं विमान टांगलेलं होतं. रात्री पंखा लावला की ते हलकेच झुलायचं. माहेरी कराडला आईला पत्रात मी लिहिलं होतं की सवत आहे, पण बोलत नाही. आईने उलट टपाली विचारलं, म्हणजे काय? काय ते समजावून सांगायला मला पुढची दिवाळी उजाडली.

सुधीर एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होता. दिवसभर लोकांच्या मीटरचे काटे शून्यावर आणायचे आणि घरी येऊन बाल्साच्या काड्या चिकटवायच्या. बाल्सा हे परदेशी लाकूड. इतकं हलकं की हातात घेतलं तरी हात रिकामाच वाटतो. ते मुंबईहून आणायचं, पात्याने कापायचं, घासायचं, आणि त्याचा पिठासारखा भुगा माझ्या पोळ्यांच्या कणकेपर्यंत पोचायचा. इंजिन लिंबाएवढं. त्याचं इंधन स्पिरिटसारखं काहीतरी आणि त्यात एरंडेल. ते जळलं की जो गोडसर, तेलकट धूर यायचा तो सुधीरच्या सगळ्या शर्टांना कायमचा चिकटलेला असे. मला सुरुवातीला मळमळायचं. नंतर नंतर शर्ट धुण्याला निघाला की नाकाला लावून मगच भिजवायची. हौसेला मोल नाही म्हणतात, पण हौसेला वास असतो हे मला बेटेगावात कळलं.

विमान होतं, पण ते उतरवायला जागा नव्हती. शेतांत भाताची धसकटं आणि बांध. रस्त्यांवर टँकर. चिंचणीच्या किनाऱ्यावर भेळवाले आणि पोरंबाळं. विजेच्या मोठ्या प्रकल्पाकडच्या बाजूला तर नुसतं आभाळाकडे बघितलं तरी कुणीतरी विचारायला यायचं. राहता राहिली ही खाडी. ओहोटीला इथे मैलभर सपाट जागा मिळते आणि तिथे कुणाचा पाय पडत नाही. का पडत नाही याचा विचार तेव्हा केला असता तर पुढचं टळलं असतं, पण आम्ही दोघं घाटावरची माणसं. आम्हाला चिखल म्हणजे भातलावणीचा, गुडघ्याएवढा, तळ असलेला.

पहिल्याच दिवशी विमानाची चाकं रुतली, शेपूट वर गेलं आणि नाकावरचा इंजिनाचा पंखा मोडला. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी सुधीर मोडका पंखा हातात घेऊन काठावर बसला असताना आम्हाला जमनाबाय दिसली. पन्नाशीची, काटक, काष्ट्याचं लुगडं, पाठीला टोपली. ती चिखलावरून सरकत येत होती. एक गुडघा एका लांब फळीवर टेकवलेला, दुसऱ्या पायाने मागे रेटा. फळीचं पुढचं टोक वर वळलेलं होतं, त्यामुळे ती चिखलात घुसत नव्हती, वरून घसरत होती. चिखलातले निवटे, बोटभर लांबीचे मासे, पकडून बाजारात विकायचे हा तिचा व्यवसाय, आणि ती फळी तिच्या सासूच्या सासूची. सुधीरने विचारलं, मावशी, तुम्ही बुडत कशा नाही? ती टोपली उतरवत म्हणाली, "चिकलाला वजन दाकवायचा नाय. आन थांबायचा नाय. थांबला तो गेला."

सुधीर त्या रात्री जेवला नाही धड. कारखान्यातल्या कुठल्याशा जुन्या मासिकात त्याने बर्फावर उतरणाऱ्या लहान विमानांची चित्रं पाहिली होती. त्यांना चाकांऐवजी लांब वळलेल्या पट्ट्या असतात, स्की म्हणतात त्यांना. बर्फ इथे कुठला? पण चिखल होता, आणि जमनाबायची फळी म्हणजे दुसरं काय? आठवडाभर माझा कुकर स्वयंपाकाला मिळाला नाही. पातळ प्लायच्या दोन पट्ट्या उकळत्या पाण्यात मऊ करून त्याने त्या कुकरच्या पोटाला बांधून ठेवल्या होत्या, टोकं वळावीत म्हणून. सुताराकडून सनमायकाचे तुकडे आणून तळाला लावले. मी त्या पट्ट्यांना पाट म्हणायचे. विमानाला जेवायला बसवल्यासारखं दिसायचं ते.

पाटांची टोकं हवेत खाली झुकली तर विमान नाकावर येतं, म्हणून सायकलच्या ट्यूबच्या चिंचोळ्या पट्ट्यांनी ती वर ओढून धरलेली असत. निघण्याआधी तळाला मेण घासायचं. मग इंजिनाच्या पंख्याला माझ्या जुन्या लाटण्याने टोला द्यायचा. बोटाने दिला तर बोट जातं. मच्छराच्या गुणगुणण्याचा राक्षस व्हावा तसा एकदम आवाज उठायचा आणि काठावरचे बगळे उडून जायचे.

आमचे दिवस दिवाळीनंतर सुरू व्हायचे आणि होळीला संपायचे. नुसता रविवार असून चालत नसे, दुपारी ओहोटी हवी. जमनाबायने आम्हाला हिशोब शिकवला होता: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे एकादशी, द्वादशी, त्रयोदशीला दुपारी चिखल उघडा. जन्मात एकादशी न केलेला माझा नवरा एकादशीची वाट बघायला लागला. शेजारच्या काकूंना केवढं कौतुक, की तुमच्याकडे तिथी पाळतात.

उडवायचा तो आणि डबे सांभाळायचे मी, असं पहिलं वर्ष चाललं. पण सुधीरचा हात घाबरट होता. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि तिथे त्याचा गोंधळ उडायचा. एकदा त्याने वैतागून रिमोट माझ्या हातात दिला. मला काहीच जड गेलं नाही. रोज आरशात बघून कुंकू लावणाऱ्या बाईला उलटं डावं-उजवं काय शिकवायचं? तेव्हापासून उडवायची मी, आणि तो शेजारी उभा राहून वारा सांगायचा. लोकांत मी त्याला अहो म्हणायचे. विमान हवेत असताना अहोजाहोला वेळ नसायचा. अरे सुधीर, वारा कुठला, अरे बाजूला हो की. त्याला ते फार आवडायचं.

ते सुख कसं सांगू? चाकांचं विमान उतरतं तेव्हा आपटतं, उसळतं, खडखडतं. पाटांचं विमान उतरलेलं कळतच नाही. ते खाली खाली येतं, चिखलातली त्याची सावली वर वर येते, दोन्ही एकमेकांना लागतात, आणि मग नुसता एक लांब सुस्कारा. लांबून, दुधाच्या पातेल्यावर साय हलवावी तसा. ते घसरत जायचं, घसरत जायचं, आणि मागे दोन सरळ रेघा ओढल्या जायच्या. मी पाच पाच वेळा नुसती टेकवून उचलायची. इतकी की संध्याकाळी चिखलभर रेघा झालेल्या असत आणि भरती येऊन सगळ्या पुसून टाकी. पुढच्या खेपेला पाटी कोरी. कधी इंजिन वरच बंद पडायचं आणि विमान बिनआवाजाचं घिरट्या घेत उतरायचं. त्या वेळी सुधीर माझ्या खांद्याला खांदा लावून उभा असे आणि आम्ही दोघंही श्वास रोखून असू. तेवढ्या वेळात आम्हाला कशाचीच उणीव वाटत नसे. पाळणा हलला नाही, त्याचीही नाही.

धोके होतेच. पाटांना ब्रेक नसतो. एकदा ते घसरत घसरत थेट खाडीच्या धारेत गेलं आणि जमनाबायच्या पुतण्याच्या होडीतून ओढून आणावं लागलं. उतरल्यावर ओल्यात उभं ठेवलं तर चिखल पाटांना धरून ठेवायचा, मग ताकद लावली की विमानाचे पायच निसटायचे. म्हणून थांबायच्या जागी आधीच बारदान अंथरलेलं असे. एकदा हवेतच ट्यूबची पट्टी तुटली आणि एक पाट लोंबायला लागला. मी कसं उतरवलं ते मला आठवत नाही, सुधीर म्हणाला की मी मोठ्याने भीमरूपी म्हणत होते.

सगळ्यात वाईट म्हणजे चकाकी. चार-साडेचारला ऊन तिरपं झालं की ओल्या चिखलाचा आरसा व्हायचा. आभाळ कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते ते कळायचं नाही. विमान हातभर वर आहे की पुरुषभर, अंदाज येत नसे. त्यावर सुधीरने तोड काढली. माडाच्या वाळक्या झावळ्या चिखलात ओळीने खोचून ठेवायच्या. झावळी दिसली की जमीन कुठे आहे ते कळतं. झावळ्या तोच लावायचा, मी हवेत असताना सुद्धा.

तो रविवार माघातला, त्रयोदशीचा. पूर्ण ओहोटी चारच्या सुमाराला. मी उडवत होते आणि सुधीर झावळ्यांचा भारा काखेत मारून पुढे निघाला होता. दोन वर्षांत आम्ही ती जागा विमानाच्या पायांनी ओळखायला लागलो होतो. जिथे पाटांच्या रेघा तिथे जमीन पक्की, असं आमचं आपसांत ठरूनच गेलं होतं, कुणी बोललं नव्हतं तरी. तासाभरापूर्वीच्या रेघा बऱ्याच आतपर्यंत गेल्या होत्या आणि तो त्या रेघांवरूनच चालत गेला. विमानाचं वजन दोन किलो. सुधीरचं बासष्ट. एवढी साधी गोष्ट, मीटरचे काटे शून्यावर आणणाऱ्या माणसाच्या लक्षात आली नाही आणि माझ्याही नाही.

त्याने हात वर केला तो मी पाहिला. मला वाटलं, खालून एक फेरी मार म्हणतोय. मी मारली. ऐटीत, त्याच्या डोक्यावरून. मग पाहिलं तर त्याला गुडघे नव्हते. तो पाठमोरा होता, तोंड समुद्राकडे, आणि वळायला बघत होता पण कमरेखालचं काही वळत नव्हतं. त्याने झावळ्या टाकून दिल्या होत्या. "येऊ नको," तो ओरडला. "कुणालातरी बोलाव."

जमनाबायचं खोपट काठाने पळत चार-पाच मिनिटांवर होतं. रिमोट खाली टाकायचा आणि पळायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी टाकला नाही. मी विमान वळवलं. वाऱ्याच्या विरुद्ध आणलं, इंजिन हळू केलं, आधी लावलेल्या झावळ्यांच्या ओळीवर नेम धरला. चकाकी होती, म्हणून एकदा अंदाज चुकला तर पुन्हा वर घेतलं आणि पुन्हा एक फेरी केली. तीन मिनिटं गेली असतील. पुढेमागे. माझे हात अजिबात कापत नव्हते. इतकं सुरेख मी आधी कधी उतरवलं नव्हतं. ते बारदानावर येऊन उभं राहिलं आणि मग माझ्या पायांत कुणीतरी जीव घातला. असं का केलं ते मी स्वतःला फार विचारलं आहे. मला माझी लाज वाटते, एवढंच खात्रीने सांगता येतं.

जमनाबाय काठावरच भेटली, माझ्या हाका ऐकून माझ्याच दिशेने येत होती. फळी खांद्यावर, कमरेला दोर. फक्त म्हणाली, "तू येव नको. तू हितनं बोलत ऱ्हा. त्याचा ध्यान तुज्याकडं ऱ्हाव दे." आणि फळी टाकून ती पोटावर पडली, हातांनी रेटत निघाली. पाणी फिरलं होतं. खाडीत भरती दारातून आल्यासारखी समोरून येत नाही, ती चरांतून मागून-पुढून कुठूनही येते, आवाज न करता. मी बोलत राहिले. काय बोलले? गॅसचा नंबर लावायचाय, धाकट्या वन्संच्या बाळाचं बारसं आहे, तुझा निळा शर्ट इस्त्रीला दिलाय. त्याच्या पाठीला बोलत होते. पाणी त्याच्या कमरेवरून छातीला आलं तरी मी शर्टाबद्दलच बोलत होते. त्याच्याकडे जाणं माझ्या हातात नव्हतं आणि गप्प बसणंही नव्हतं.

जमनाबायने त्याला फळीवर छाती टेकवायला लावली, बगलेखालून दोर घातला, एकेक पाय हाताने उकरून मोकळा केला. शेवटी फळी सोडून तिला पाण्यात उतरावं लागलं. ती दोघं काठाला लागली तेव्हा सूर्य बुडायचा होता, आणि तिची फळी भरतीबरोबर आत, वळणाआड गेली होती. दोन दिवस तिचा पुतण्या शोधत होता. सापडली नाही.

सुधीर काठावर ओकत होता तेव्हा ती माझ्याजवळ आली, लुगड्याचा पदर पिळत. अगदी हळू म्हणाली, "बाई, जरा आदी येतीस तर पानी कमरेलाच अस्ता." मी वाकून दोर गोळा करायला लागले. "मी खोपटातनं विमान बगत व्हते," ती म्हणाली. त्यावर तिने पुन्हा कधी एक अक्षर काढलं नाही, मला नाही आणि सुधीरला तर नाहीच. चार वर्षांमागे ती गेली. बोंबलाच्या मोसमात, थोड्याशा तापाने.

घरी येऊन अंघोळ केल्यावर सुधीरने पहिला प्रश्न विचारला तो विमानाचा. कुठे पडलं? मी म्हटलं, पडलं नाही. मी रिमोट टाकून पळाले, आल्यावर बघते तर बारदानावर उभं. तो पाठमोरा होता, त्याने काहीच पाहिलं नव्हतं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण बनवलेलं विमान कुणाचा हात नसताना नीट उतरलं, याच्यापेक्षा मोठं काही त्याच्या आयुष्यात घडलं नव्हतं. ही गोष्ट त्याने कारखान्यात सांगितली, कराडला सांगितली, पाहुणे आले की चहाबरोबर सांगितली. बोलता येत होतं तोपर्यंत सांगत होता. मी दर वेळी आत जाऊन कपबशा विसळायची.

आणि त्याच रात्री जमनाबायचा पुतण्या विमान घेऊन आला, तेव्हा सुधीरने ते हुकाला टांगण्याऐवजी चादरीत गुंडाळलं. म्हणाला, तुला असं पुन्हा उभं करणार नाही. माझी चूक, माझा आगाऊपणा. जमनाबायला त्याने नवी फळी करून दिली, सनमायका लावून, चांगली गुळगुळीत. तिने ती ठेवून घेतली आणि खोपटाच्या दारात पाय पुसायला टाकली, कारण ती चिखलावर धड चालत नव्हती. दर माघात तो माझी माफी मागायचा. वेडंवाकडं, गमतीत, पण मागायचाच. मी म्हणायची, पुरे आता. त्यापुढचं माझ्या ओठांवर यायचं आणि मी ते परत आत ढकलायची. त्याचा दोष काढून घेतला तर त्याचं विमानही काढून घ्यावं लागणार होतं. मला दोन्ही जमलं नाही.

पुढे ते चादरीतलं विमान वाळवीने खाल्लं. खोली सुटली, बोईसरला फ्लॅट झाला. आता तर कुणी असं काही उडवायला घेतलं तर दहा मिनिटांत पोलीस येतील, आणि त्यांचंही चूक म्हणता येणार नाही.

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला नाही, नुसता खाकरला. त्याला दुसरं भाडं होतं. मी परत आले, सुधीरच्या शेजारी बसले, त्याची कललेली उशी नीट केली. सगळे शब्द गेले त्यात एक त्याच्याकडे राहिला आहे. बरं. चहा दिला की बरं, औषध दिलं की बरं, टीव्हीवर बातम्या लागल्या की बरं. फोनवर वन्सं रडल्या तेव्हाही बरं. सुरुवातीला मी त्याच्या स्वरावरून अर्थ लावायची. मग लक्षात आलं की स्वरही एकच आहे.

रिक्षा निघाल्यावर मी सांगितलं. अरे सुधीर, असं म्हणून सुरुवात केली. तू रुतलास ते मी पाहिलं होतं. तरी मी आधी विमान उतरवलं. ते आपलं आपण उतरलं नव्हतं रे, मी उतरवलं होतं. तेवढ्यात पाणी तुझ्या छातीला आलं. तुझी काही चूक नव्हती. तू उगीच सोडलंस.

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते. "बरं," तो म्हणाला.

पामचा नाका आला, मग खड्ड्यांचा रस्ता, मग टँकरची रांग. मला वाटलं, रिक्षाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल. म्हणून पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, सावकाश, त्याचा डावा हात हातात धरून. तो पुन्हा "बरं" म्हणाला. बोईसरच्या फाटकाशी थांबलो तेव्हा तिसऱ्यांदा सांगितलं, या वेळी रडत, आणि रिक्षावाल्याने आरशातून बघून नजर काढून घेतली. सुधीर म्हणाला, "बरं." तो एकदाही रागावला नाही. त्याला अजून रागावता येतं की नाही, हेच मला माहीत नाही.